फरीदाचं जर्नल

ऑकलंडच्या विमानतळावर माझ्या सामानातून एकच गोष्ट जप्त झाली, ती म्हणजे कडुलिंबाची अकरा पानं. मेतकूट, भाजणी, लिंबाचं लोणचं हे सगळं मी फॉर्मवर इमानदारीने लिहिलं होतं आणि ते सुखरूप सुटलं. पण हातमोजे घातलेल्या त्या मुलीने पिशवीच्या तळाशी ठेवलेलं जाड जर्नल उघडलं आणि पानांतून वाळलेली पानं तिच्या टेबलावर पडली. "हे काय?" तिने विचारलं. मी म्हटलं, "कसर लागू नये म्हणून." इंग्रजीत ते नीट सांगता येईना. तिने चिमट्याने एकेक पान उचललं, छोट्या पिशवीत घातलं, वर चिठ्ठी चिकटवली आणि जर्नल मला परत दिलं. मीही जन्मभर बाटल्यांना चिठ्ठ्याच चिकटवल्या आहेत, त्यामुळे मला तिचा राग आला नाही. जर्नल बचावलं, एवढंच पुरे होतं.

ते जर्नल माझं नव्हतं. पुण्यातल्या एका कॉलेजात मी एकतीस वर्षं रसायनशास्त्राची प्रॅक्टिकल्स घेतली. प्रत्येक प्रयोग मुलांनी जर्नलमध्ये लिहायचा आणि बाईंनी त्याखाली तारखेसह सही करायची, अशी आपल्याकडची पद्धत. खरं सांगायचं तर परीक्षेच्या आदल्या आठवड्यात जर्नलांचे ढीग यायचे आणि मी चहा पिता पिता मागच्या तारखा घालून सह्या ठोकायचे. सगळेच ठोकायचे. पण वीस-बावीस वर्षांपूर्वीचं फरीदाचं जर्नल मी आदर्श म्हणून ठेवून घेतलं होतं. फरीदा काबूलहून शिष्यवृत्तीवर आलेली, मोकळ्या केसांची, हसरी, वेळेच्या बाबतीत बेशिस्त मुलगी. पण जर्नल असं, की अक्षर मोत्यासारखं आणि आकृत्या छापल्यासारख्या. पुढच्या प्रत्येक बॅचला मी ते दाखवत असे. "परक्या देशातली मुलगी असं लिहिते, तुम्हाला काय धाड भरली आहे?" हे माझं ठरलेलं वाक्य होतं.

मी निवृत्त झाल्यावर एकदा कॉलेजचा शिपाई घरी पत्र घेऊन आला. पत्र टाईप केलेलं, पोरिरुआ नावाच्या गावाहून, न्यूझीलंडमधून आलेलं. फरीदा तिथे निर्वासित म्हणून राहत होती. काबूलला ती मुलींच्या शाळेत रसायन शिकवायची. तालिबान आले आणि बायकांच्या शाळा, नोकऱ्या सगळं बंद झालं. आता तिला पुन्हा शिक्षिका व्हायचं होतं, पण डिग्रीचा कागद उरला नव्हता. विद्यापीठाकडे नोंद होती, ती तिच्या वडिलांच्या नावाने. तिच्या नव्या कागदांवर नवऱ्याचं नाव होतं आणि जन्मतारीख एक जानेवारी. जिला आपली तारीख सिद्ध करता येत नाही तिला म्हणे एक जानेवारी देऊन टाकतात. ती फरीदा आणि ही फरीदा एकच, असं शपथेवर सांगणारं कुणीतरी तिला हवं होतं. तिने लिहिलं होतं, "मॅडम, जगात मला त्या नावाने ओळखणारं आता कोण उरलंय, ते शोधते आहे."

माझं ऑकलंडला मुलाकडे जायचं तिकीट आधीच काढलेलं होतं. मी जर्नल पिशवीत घातलं. पत्र टाईप केलेलं असलं तरी अक्षर जुळवून दाखवता येईल, असा माझा हिशेब होता.

फ्लॅट बुश

माझा मुलगा अनिकेत आयटीत आहे आणि सून मृणाल फार्मसिस्ट. त्यांचं घर फ्लॅट बुशच्या नव्या वसाहतीत आहे. पाच खोल्या, दोन गाड्यांचं गॅरेज, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, आज काही सुट्टी असेल. मग कळलं, इथे रोजच असं असतं. सकाळी सातला दोन्ही गाड्या मोटरवेकडे निघून जातात, आठला नात ईरा शाळेत जाते, आणि मग दुपारी तीनपर्यंत मी आणि फ्रीजचा आवाज.

ईराला मराठी समजतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. "ईरा, भूक लागली का गं?" "नाह, आय ॲम गुड, आजी." एवढ्यावर आमचा संवाद संपायचा. मुलगी गोड आहे, पण मी तिच्यासाठी केलेले लाडू डब्यातच राहायचे. कोपऱ्यावरच्या दुकानाला इथे डेअरी म्हणतात. तिथे मी उगाच रोज जायचे, कारण दुकानदार "किया ओरा, हाऊ आर यू?" असं विचारायचा. दिवसभरात मला कुणी विचारलेला तो एकच प्रश्न असे. यजमान जाऊन तीन वर्षं झाली होती, एकटेपणाची सवय आहे असा माझा समज होता. पुण्यातलं एकटेपण मात्र वेगळं असतं. तिथे निदान वरच्या मजल्यावर कुणीतरी पाटा सरकवतं.

तिसऱ्या आठवड्यात मी म्हटलं, "मी पोरिरुआला जाते."

"आई, अगं दहा-अकरा तासांचा बस जर्नी आहे," अनिकेत म्हणाला. "आणि तू तिला वीस वर्षांत पाहिलेलंसुद्धा नाहीस. आम्ही लाँग वीकेंडला नेऊ ना तुला. हीप्स ऑफ टाइम आहे."

"तिला नाहीये," मी म्हटलं. टीचर्स कॉलेजचे अर्ज महिनाअखेरीस बंद होणार होते. मृणालने इंटरनेटवरून तिकीट काढलं, माझ्यासाठी थर्मलचे कपडे आणले आणि डब्यात दशम्या दिल्या. ती मला बसवर सोडायला आली तेव्हा तिने कडकडून मिठी मारली. तिच्याशी मी तीन आठवडे नीट बोलले नव्हते, हे मला बस सुटल्यावर जाणवलं.

दक्षिणेकडे

बसमध्ये मला खिडकी मिळाली. हिरव्या टेकड्या आणि त्यावर मेंढ्या, मग पुन्हा टेकड्या आणि पुन्हा मेंढ्या. तौपोचं सरोवर आलं तेव्हा ड्रायव्हरने जेवायला थांबवलं. सगळ्यांनी मांस भरलेले पॅटिस घेतले, मी बाकावर बसून दशमी खाल्ली. समोरचं पाणी इतकं मोठं होतं की समुद्रच वाटावा, आणि काठावर दोन माणसं. आपल्याकडे एवढं पाणी असतं तर भेळेच्या गाड्यांनी काठ दिसला नसता. त्यापुढे डेझर्ट रोड लागतो. दोन्ही बाजूंना पिवळं गवत, उजव्या हाताला बर्फाचा डोंगर, आणि मैलोन्‌मैल घर नाही. मला त्या रस्त्याची भीती वाटली. फरीदाने म्हणे निर्वासित म्हणून देश निवडताना नकाशा पाहिलाच नव्हता. "लांब आहे ना, मग चालेल," एवढंच म्हटलं होतं.

ताइहापे गावाच्या वेशीवर पत्र्याचा भला मोठा गमबूट उभा आहे. शेजारच्या आजीबाईंनी अभिमानाने दाखवला. मीही "वा" म्हटलं. एखाद्या गावाने बुटाचा पुतळा उभारावा, याचं मला कौतुकच वाटलं. बुटाच्या जयंतीला निदान कुणी भाषण करत नसेल.

पोरिरुआ

संध्याकाळी पाच-सव्वापाचला बस पोरिरुआला पोचली. वारा इतका की पदर सांभाळू की पिशवी, असं झालं. स्टेशनाबाहेर डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई उभी होती. मी धावत जाऊन तिचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, "फरीदा!" ती बिचारी दचकली. ती कुणी वेगळीच होती, दुसऱ्या बसची वाट पाहत होती. मी ओशाळून मागे वळले, तर बाकावरून एक पांढऱ्या केसांची, उघड्या डोक्याची, फ्लीसचं जाकीट घातलेली बाई उठून उभी राहिली होती. तिच्यावरून माझी नजर एकदा फिरून गेली होती.

"मॅडम," ती मराठीत म्हणाली, "मी इकडे आहे."

ती चाळीस-बेचाळीसची असणार, पण दिसत होती माझ्या वयाची. वरचे दोन दात नव्हते. मी तिला जवळ घेतलं, डोळ्यांत पाणी आलं, पण आत कुठेतरी मी त्या चेहऱ्यात ती मोकळ्या केसांची मुलगी शोधत होते आणि ती सापडत नव्हती.

तिचं घर टेकडीवर होतं, सरकारी, दोन खोल्यांचं, भिंतीला ओल आलेली. नवरा काबूलमध्ये रॉकेटच्या हल्ल्यात गेला, मूलबाळ नाही. एका शाळेत ती साफसफाईचं काम करायची. तिने माझ्यासाठी बोलानी केली होती, म्हणजे पातीचा कांदा आणि बटाटा भरलेली पातळ पोळी, आपल्या पराठ्याचीच चुलत बहीण. सोबत वेलचीचा हिरवा चहा. "यात अंडंसुद्धा नाही, मॅडम. तुमचं माझ्या लक्षात आहे." तिचं मराठी हॉस्टेलच्या मेसमधलं होतं आणि मधेमधे हिंदी. "वाढू का अजून? लाजू नका हं," ती म्हणायची, तेव्हा मला हसू यायचं.

जेवताना मी डिग्रीच्या कागदाचं विचारलं. तालिबानच्या काळात ती घरीच अकरा मुलींना शिकवायची. चहाचे ग्लास हीच प्रयोगशाळा. लाल कोबीचं पाणी, लिंबू आणि सोडा यांवर आम्ल-आम्लारी शिकवलं. एका दुपारी दारावर थाप पडली. मुली मागच्या दाराने गेल्या. पण एकाच फाईलमध्ये तिची प्रमाणपत्रं होती आणि मुलींची हजेरीही, नाव, बापाचं नाव, घर.

"निवडत बसायला टाईम नव्हता, मॅडम. अख्खी फाईल तंदूरमध्ये टाकली."

"मग?"

"मग दार उघडलं. म्हटलं, नान भाजतेय."

एवढं करून तिच्या हाती आता दुसऱ्या कुणाची फरशी पुसणं आलं होतं, याचा मला मनापासून संताप आला. मी उठून पिशवीतून जर्नल आणलं, टेबलावर ठेवलं आणि कोरा कागद पुढे सरकवला. म्हटलं, "हे घे. यातल्या चार ओळी लिहून दाखव. अक्षर जुळलं की कुणाची हिंमत आहे नाही म्हणायची?"

तिने जर्नलच्या कव्हरवरून हात फिरवला. पेन उचललं नाही.

"मॅडम, हे अक्षर माझं नाही."

"म्हणजे?"

"माझ्या रूममध्ये शैला होती, सांगलीची. मला टायफॉईड झाला होता. ती म्हणाली, तू झोप, मी तुझं जर्नल कम्प्लीट करते. पूर्ण टर्मचं तिने लिहिलं. तुम्ही सही केली, आणि मग तुम्ही ठेवून घेतलंत. मला सांगायला भीती वाटली."

वीस वर्षं मी जे डोक्यावर घेऊन मिरवलं, ते सांगलीच्या शैलाचं निघालं. आणि सह्या माझ्या, प्रत्येक प्रयोगाखाली, जणू मी शेजारी उभं राहून पाहिलं होतं. मी काहीबाही बोलून गेले. "अगं, पण मी मुलांना तुझं उदाहरण द्यायचे!" ती मान खाली घालून ताटं उचलू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले, ती एक लाजिरवाणी शंका घेऊनच. चेहरा ओळखू येत नाही. अक्षर तिचं नाही. नाव वेगळं, तारीख वेगळी. शैला, टायफॉईड, मेस, हे सगळं खऱ्या फरीदाकडून ऐकलेली दुसरी कुणी बाई असली तर? एवढी हकिकत ऐकूनही मी असा विचार केला, हे लिहिताना आजही मला बरं वाटत नाही. पण शपथेवर सही मला करायची होती, आणि खोट्या सह्या करण्यात मी किती तरबेज आहे हे आदल्या दिवशीच कळलं होतं.

तिने ते ओळखलं. बाहेर जायला ती डोक्याला रुमाल बांधत होती. मी म्हटलं, "काल तर नव्हता?"

"कधी वाटलं तर बांधते. कुणी सांगितलं म्हणून बांधत नाही, मॅडम, आणि कुणी सांगितलं म्हणून काढत पण नाही." मग आरशातच बघत म्हणाली, "तुमची खात्री नाही ना? नका करू सही. तुम्ही आलात, तेच खूप आहे."

शपथपत्रावर सही करायला जायचं होतं ती लायब्ररी दहाला उघडणार होती, तोवर ती भाताची तयारी करू लागली. निवडलेले तांदूळ, किसलेली गाजरं, मनुका. मी दारात उभी राहून नुसती बघत होते. तिने खुणा असलेला काचेचा पेला ओट्यावर ठेवला, त्यात पाणी ओतलं. मग पेला उचलून डोळ्यांपुढे धरला नाही. दोन्ही गुडघे वाकवून ती स्वतःच खाली गेली, डोळा पाण्याच्या रेषेला आणला, आणि डावा तळहात पेल्यामागे उभा धरला.

पेल्यातल्या पाण्याची रेषा नीट दिसावी म्हणून मागे पांढरा कागद धरा, असं पुस्तकात असतं. आमचे तेव्हाचे प्राचार्य कागद मोजून द्यायचे, म्हणून मी माझ्या मुलांना शिकवलं होतं, "कागद नाही ना, मग तळहात धरा. मोजनळी वर उचलायची नाही, आपण खाली जायचं." दुसऱ्या कुठल्या लॅबमध्ये हे मी कधी पाहिलं नाही. आणि फरीदा पहिल्या टर्मला दर वेळी चुकीचा हात धरायची, उजवा; मी तिच्या बोटांवर पट्टी मारून डावा करून घेतला होता.

"फरीदा," मी म्हटलं, "हात डावाच का?"

ती तशीच वाकलेली, डोळा रेषेवर. "उजवा धरला की तुम्ही मारता."

मी तिथेच, ओल्या भिंतीला टेकून, मोठ्याने रडले. एवढी मी यजमान गेले तेव्हाही रडले नव्हते. ती सरळ झाली आणि ओल्या हाताने माझी पाठ थोपटू लागली.

लायब्ररी

इथे शपथपत्रावर सही घ्यायला वकील लागत नाही. जस्टिस ऑफ द पीस म्हणून सरकारने नेमलेली साधी माणसं असतात, ती शनिवारी लायब्ररीत टेबल मांडून बसतात आणि कागद फुकट साक्षांकित करून देतात. आमच्या वाट्याला एक माओरी आजोबा आले, हाफ पँट, गुडघ्यापर्यंत मोजे, शेजारी थर्मास. "किया ओरा, लेडीज. बसा."

मी लिहून आणलेलं त्यांनी सावकाश वाचलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"वीस वर्षांनी भेटलात. तीच आहे हे कशावरून?"

मी उभी राहिले. त्यांच्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास समोर ओढला, गुडघे वाकवले आणि डावा तळहात मागे धरला. आजूबाजूची माणसं बघू लागली. म्हटलं, "हे मी शिकवलं आहे. हे असं करणारी माझी विद्यार्थिनी असते."

आजोबांनी ग्लासकडे पाहिलं, मग फरीदाकडे. "स्वीट ॲज," म्हणजे इकडच्या बोलीत झकास, असं ते म्हणाले आणि शिक्का उचलला. जर्नलबद्दल मी एक ओळ जास्तीची लिहिली होती. जर्नलमधलं अक्षर फरीदाचं नाही आणि त्याखालच्या माझ्या सह्या न बघता केलेल्या आहेत. फरीदा म्हणाली होती, "हे नका ना लिहू, मॅडम." मी म्हटलं, "बाकीचं खरं मानायचं असेल, तर हेही त्यांना कळू दे."

बाहेर पडलो तेव्हा वारा पडला होता. बाजारपेठेवर ताणलेली पांढरी छतं स्थिर होती. आम्ही बाकावर बसून एक आइस्क्रीम दोघींत खाल्लं. अर्ज मंजूर होईलच असं काही नव्हतं. दोन दिवसांनी तिने मला बसमध्ये बसवलं. जर्नल मी तिच्याकडेच ठेवलं. "शैलाची आठवण म्हणून ठेव," म्हटलं. बस वळेपर्यंत ती हात वर करून उभी होती, आणि मग त्या रस्त्यावर ती एकटीच राहिली असणार.

पुणे

परत येऊन मला आठ-नऊ महिने झाले. फ्लॅट बुशला शेवटच्या आठवड्यात ईराने स्वतःहून एक लाडू खाल्ला, ही तिकडची मोठी बातमी. इथे मी, दोन खोल्या, आणि वरच्या मजल्यावरचा पाटा.

गेल्या मंगळवारी पोस्टमन जाड पाकीट घेऊन आला. आत एक नवीन वही होती आणि वर चिठ्ठी. "मॅडम, प्रवेश मिळाला. इथली लॅब मोठी आहे. त्या टर्मची राहिलेली चौदा प्रॅक्टिकल्स मी शनिवारी एकेक करून पूर्ण केली. या वेळी मीच लिहिलंय."

मी वही उघडली. अक्षर भयंकर होतं. किरटं, तिरकं, आकृतीतलं चंचुपात्र तर फुटल्यासारखं. दोन ठिकाणी आकडेमोड चुकली होती. प्रत्येक प्रयोगाखाली तिने पट्टीने एक रेघ ओढून जागा सोडली होती आणि रेघेखाली लिहिलं होतं, बाईंची सही.

घरात दाखवायला कुणी नव्हतं. मी चहा न करता जेवणाच्या टेबलाशी बसले, सगळे चौदा प्रयोग पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले, चुका लाल शाईने दुरुस्त केल्या. दोन तास लागले. मग चौदा सह्या केल्या आणि चौदाही ठिकाणी तारीख त्याच दिवसाची घातली.